बस खालच्या दाराशी, आम्ही वरच्या

गेल्या महिन्यात या सदरातून आम्ही वाचकांना एक विनंती केली होती. क्रूझने फिरून आला असाल आणि जहाजावरून उतरून प्राचीन स्थळे पाहताना काही घोटाळा झाला असेल, तर तो कळवावा आणि सोबत मनात राहून गेलेला प्रश्नही लिहावा, अशी ती विनंती होती. झिरो माइलच्या या शहरापासून समुद्र कोणत्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर आहे, तरीही पत्रांचा ढीग पाहता नागपूरकरांनी भूमध्य समुद्र आणि नाईल नदी दोन्ही पालथ्या घातल्या आहेत. त्यांतील निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे देत आहोत. ती सगळी वाचताना माझे एक मत पक्के झाले, ते आधीच सांगतो. यातील बहुतेक फजितींचे मूळ त्या त्या जागेच्या रचनेतच आहे. शहर उतारावर का वसले, त्याचे बंदर कुठे गेले, सापडलेली मूर्ती आता कुठे ठेवली आहे, एवढे घरून निघण्यापूर्वी वाचले असते, तर घोटाळा टळला असता आणि त्याच दोन तासांत डोळ्यांना पुष्कळ अधिक दिसले असते.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही बँकेतून निवृत्त झालो आहोत. आमचे जहाज तुर्कस्तानात कुशादासीला लागले आणि तिथून बसने आम्हाला इफेसस या प्राचीन शहराचे अवशेष पाहायला नेले. उतरताना गाईड म्हणाला, "साडेअकराला गेटवर भेटू." त्या प्रसिद्ध ग्रंथालयासमोर यांनी फोटो काढण्यात इतका वेळ लावला की ग्रुप पुढे निघून गेला. मी ग्रुपमधल्या एका काकूंच्या जांभळ्या छत्रीवर नजर ठेवून खाली उतरत गेले. हे मात्र, रामटेकला किंवा कोराडीला गेल्यावर जिथे उतरवले तिथेच बस उभी असते, या सवयीने आलेल्या वाटेने परत वर चढू लागले. समोरून शेकडो माणसे खाली येत होती आणि हे एकटेच वर जात होते, तरी यांना शंका आली नाही. वरच्या गेटवर बस नव्हती. तिथल्या टॅक्सीवाल्याला यांना जहाजाचे नाव आणि 'बस' एवढेच सांगता आले. त्याने यांना सरळ एका गालिच्याच्या दुकानात नेऊन सोडले, कारण सगळ्या बसेस शेवटी तिथेच येतात, असे त्याने हातवारे करून सांगितले. आम्ही खालच्या गेटवर पाऊण तास शोधाशोध केली आणि रडवेल्या चेहऱ्याने ठरल्याप्रमाणे त्या दुकानात पोचलो, तर हे तिथे सफरचंदाचा चहा पीत बसलेले आणि पुढ्यात सात गालिचे उलगडलेले! उपकाराची फेड म्हणून यांनी त्यांतला एक घेतला. तो आता आमच्या दिवाणखान्यात आहे आणि त्याच्या जाडीमुळे बाल्कनीचे दार उघडत नाही. माझा प्रश्न असा की, एकाच जागेला अशी दोन दूरदूरची दारे कशासाठी? आणि या गडबडीत आमचे काय पाहायचे राहिले?
— एक वाचक भगिनी, लक्ष्मीनगर

उत्तर : ताई, आपल्या यजमानांना दोष देऊ नका. 'गेटवर भेटू' हे वाक्यच अपुरे होते, आणि ते पुरे करण्याची जबाबदारी गाईडची होती.

इफेसस हे दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडीत, उतारावर वसलेले शहर आहे. त्याचा मुख्य रस्ता वरून खाली उतरत येतो, म्हणून सहलीच्या बसेस माणसांना बहुधा वरच्या दाराशी सोडतात आणि स्वतः वळसा घालून खालच्या दाराशी जाऊन थांबतात, म्हणजे कुणालाच चढ चढावा लागत नाही. सहलींची ही दीड-दोन किलोमीटरची चाल बहुधा एकेरीच असते. मागे वळून वर जाणारा माणूस त्या शहराच्या रचनेच्या विरुद्ध चालत असतो. बसमधून उतरताना काचेवरच्या क्रमांकाचा फोटो काढावा आणि गाईडला एकच प्रश्न विचारावा : "वरचे दार की खालचे?"

आता आपले काय राहिले ते सांगतो. ते ग्रंथालय म्हणजे सेल्सस या रोमन अधिकाऱ्याचे स्मारक. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच्या मुलाने ते उभारले आणि खुद्द सेल्ससची समाधी त्याच्या पोटात, तळघरात आहे. आज दिसणारा दर्शनी भाग भूकंपाने कोसळला होता. जमिनीवर विखुरलेले दगड जुळवून पुरातत्त्वज्ञांनी तो १९७० च्या दशकात पुन्हा उभा केला. इतके फोटो काढले आहेत, तर त्यांतला एखादा मोठा करून पाहा. मधले खांब कडेच्या खांबांपेक्षा मोठे केलेले आहेत आणि त्यामुळे अरुंद जागेतली ती इमारत आहे त्यापेक्षा रुंद भासते.

खरी राहून गेलेली गोष्ट मात्र पुढे होती. सुमारे २४ हजार माणसे बसतील एवढ्या नाट्यगृहासमोरून एक रुंद, खांबांच्या रांगांचा रस्ता पश्चिमेकडे निघतो आणि चालत गेलात तर झाडझाडोऱ्यात संपतो. तो बंदराचा रस्ता. जहाजे तिथे लागत असत. नदीने आणलेल्या गाळाने ते बंदर शतकानुशतके भरत गेले, समुद्र काही किलोमीटर मागे सरकला आणि शहराचा जीवच गेला. तुमचे जहाज वीसेक किलोमीटरवरच्या कुशादासीला थांबले, बसमध्ये बसावे लागले आणि दारांचा गोंधळ झाला, त्याचे मूळ कारण हा गाळ आहे. त्या रस्त्याच्या तोंडाशी उभे राहून पाच मिनिटे नुसते पश्चिमेकडे पाहण्यासारखे दुसरे काही इफेससमध्ये नाही, असे मला मनापासून वाटते.

गालिच्याच्या दुकानाचा थांबा पुष्कळ सहलींत ठरलेलाच असतो. तिथे विणकामाचे प्रात्यक्षिक पाहावे, चहा घ्यावा आणि नको असेल तर हात जोडून उठावे. चहाने कोणतेही बंधन येत नाही. आणि आपल्या दाराला खालून थोडा रंधा मारून घ्या, गालिचा काढू नका.

प्रश्न : माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत. जुलै महिन्यात अथेन्सला जहाज लागले तेव्हा सगळ्यांनी टोप्या, छत्र्या घेतल्या. सासरे म्हणाले, "आमच्याकडे सत्तेचाळीस डिग्री असते, मला काय सांगता?" त्यांनी नागपूरहून आणलेले दोन कांदे सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि चामडी चपला घालून ॲक्रोपोलिसवर, म्हणजे प्राचीन देवळांच्या टेकडीवर, निघाले. वर पोचेपर्यंत ते दोनदा घसरले आणि वर गेल्यावर त्यांना गरगरले. एका जुन्या देवळाला लागून एकच ऑलिव्हचे झाड आहे, त्याच्या सावलीच्या बाजूला त्यांना बसवले, पाणी पाजले, तेव्हा कुठे बरे वाटले. संध्याकाळी जहाजावर चढताना तपासणीत खिसे रिकामे करायला सांगितले, तर कांदे बाहेर आले. सुरक्षा अधिकाऱ्याने ते काढून घेतले. सासरे म्हणाले, हे खाण्याचे नाही, औषध आहे! आणि तसे प्रमाणपत्र मागायला ते थेट जहाजाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, मिठाचे पाणी दिले, प्रमाणपत्र काही दिले नाही. घरी अजून वाद चालू आहे की, अथेन्सचे अडतीस डिग्री नागपूरच्या सत्तेचाळीसला भारी कसे पडले?
— एक सूनबाई, इतवारी

उत्तर : सासऱ्यांचा अनुभव खोटा नाही, त्याचा अर्थ मात्र वेगळा आहे. नागपूरचा माणूस उन्हात टिकतो, याचे कारण तो उन्हात जात नाही. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच आपल्या गल्ल्या ओस पडतात, खिडकीला वाळ्याची ताटी किंवा कूलर असतो, कैरीचे पन्हे नाहीतर ताक पोटात गेलेले असते आणि बाहेर पडावेच लागले तर डोक्या-कानाला दुपट्टा गुंडाळलेला असतो. अथेन्सला सासरे भर दुपारी, उघड्या खडकावर, चढ चढत होते. तिथे सावली जवळजवळ नाही आणि पांढरा संगमरवर खालूनही ऊन परतवतो. अलीकडच्या उन्हाळ्यांत उष्णतेची लाट आली की ग्रीक सरकार ॲक्रोपोलिस दुपारचे काही तास बंद ठेवते, यावरून काय ते समजावे. सकाळी दार उघडताच जाणे किंवा संध्याकाळची वेळ घेणे, हाच उपाय. पुष्कळ पिढ्यांच्या पावलांनी तिथला दगड साबणासारखा गुळगुळीत झाला आहे, तेव्हा चामडी चपलेऐवजी रबरी तळव्याचे बूट हवेत. जाण्याआधी महिनाभर रामटेकच्या गडमंदिराच्या पायऱ्या आठवड्यातून एकदा चढाव्यात, असे मी ज्येष्ठांना नेहमी सांगतो.

कांद्याबद्दल सांगायचे तर, खिशातला कांदा अंग गार ठेवत नाही. त्यांना बरे वाटले ते सावली, पाणी आणि मीठ यांनी. शिवाय, युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून ताजी भाजी आणि फळे नेण्यासाठी वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन एवढीच पाच फळे त्यातून सुटलेली आहेत. आपली संत्री त्या यादीत नाहीत, हे नातेवाइकांसाठी पेटी नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आणि ॲक्रोपोलिसवरचे मुख्य देऊळ, पार्थेनॉन, त्यांनी नीट पाहिले का, ते विचारा. इसवी सनापूर्वी ४४७ ते ४३२ या काळात बांधलेले हे देऊळ १६८७ पर्यंत बऱ्यापैकी शाबूत होते. त्या वर्षी तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता, त्यावर व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडला आणि मधला भाग उडाला. त्याच्या पायऱ्या सरळ दिसतात, पण सरळ नाहीत. लांब बाजूची वरची पायरी मध्यभागी सुमारे ११ सेंटीमीटर फुगीर आहे. एका टोकाला टोपी ठेवून दुसऱ्या टोकाला जावे आणि पायरीच्या पातळीवर डोळा आणून पाहावे, तर टोपीचा खालचा भाग दगडाआड गेलेला दिसतो. सासऱ्यांनी टोपी नेली असती, तर तिचा हा दुसरा उपयोगही झाला असता.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकवतो. इटलीत ज्वालामुखीने गाडलेल्या पॉम्पेई शहरात लक्ष्मीची मूर्ती सापडली, हे मी आईला सांगितले आणि तिने तेव्हापासून ध्यास घेतला. नेपल्सला जहाज लागताच आम्ही पॉम्पेईच्या सहलीला गेलो. आईने पर्समध्ये हळदीकुंकवाची चांदीची कोयरी घेतली होती. गाईडला इंग्रजीत विचारावे, तर तो पंचवीस माणसांच्या पुढे. म्हणून आई दिसेल त्या रखवालदाराला विचारू लागली, "लक्ष्मी? लक्ष्मी कुठे?" एका भल्या रखवालदाराला वाटले की या वृद्ध बाईंची लक्ष्मी नावाची कुणी सोबतीण हरवली आहे. त्याने वायरलेसवरून कळवले. थोड्याच वेळात तीन रखवालदार गल्लीगल्लीतून "लाक्ष्मी! लाक्ष्मी!" अशा हाका मारत फिरू लागले आणि आईला वाटले, ही सगळी मंडळी मूर्ती दाखवण्यासाठी धावपळ करीत आहेत, म्हणून ती त्यांना हात जोडत मागे मागे चालली. शेवटी दुसऱ्या एका भारतीय ग्रुपमधल्या बाईंना त्यांनी हाताला धरून आमच्यापुढे आणून उभे केले. योगायोगाने त्यांचे नाव खरोखरच लक्ष्मी होते. त्या तमिळ होत्या. आईने त्यांनाच कुंकू लावले. पण मूर्ती काही सापडली नाही. ती तिथे आहे तरी कुठे, आणि ती खरोखर लक्ष्मीच आहे का?
— एक प्राध्यापक, महाल

उत्तर : आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी विचारलेला प्रश्न पॉम्पेईतील सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नांपैकी एक आहे, फक्त तो वीस-पंचवीस किलोमीटर अलीकडे विचारायला हवा होता. मूर्ती पॉम्पेईत नाही, ती नेपल्स शहरातल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तुमचे जहाज ज्या धक्क्याला उभे होते तिथून ते संग्रहालय पॉम्पेईपेक्षा कितीतरी जवळ आहे. ती तिथल्या 'गुप्त दालन' म्हणवणाऱ्या वेगळ्या कक्षात असते, त्यामुळे आत गेलेल्यांच्याही नजरेतून सुटते. मंगळवारी संग्रहालय बंद असते, हेही ध्यानात ठेवावे.

ही हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये पॉम्पेईच्या मोठ्या बाजाररस्त्यालगतच्या एका घरात सापडली. उंची जेमतेम पाव मीटर. मध्ये दागिन्यांनी मढलेली स्त्री, दोन्ही बाजूंना तिच्या कमरेपर्यंत येणाऱ्या दोन छोट्या दासी आणि पायाशी खरोष्ठी या प्राचीन भारतीय लिपीतील एक अक्षर. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटले गेले, पण पुढे पुष्कळ अभ्यासकांनी ती यक्षी असावी असे मत दिले. तिच्या डोक्यातून उभे छिद्र गेलेले आहे, म्हणून ती एखाद्या आसनाचा किंवा मेजाचा पाय, नाहीतर आरशाची मूठ असावी, असे मानतात. व्हेसुव्हियस ज्वालामुखीने इसवी सन ७९ मध्ये शहर गाडले, तेव्हा ती त्यापूर्वीच भारतातून तिथे पोचली होती, एवढे निर्विवाद.

आता आपल्या घराजवळची गोष्ट. जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथे १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केले. तिथे याच घडणीच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही तशीच मूर्ती सापडली आहे. त्यामुळे पॉम्पेईची ही बाई भोकरदनकडून गेली असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. सातवाहनांच्या राज्यातील बाजारपेठांतून माल पश्चिम किनाऱ्यावर उतरत असे आणि मोसमी वाऱ्यांवर तांबड्या समुद्राकडे जात असे, हे लक्षात घेतले तर त्यात अशक्य काही नाही. नागपूरहून गेलेल्या एका आईने तिला पॉम्पेईच्या गल्ल्यांत हाका माराव्यात, हे मला फार हृद्य वाटले.

एक विनंती मात्र करतो. कोणत्याही प्राचीन मूर्तीला किंवा दगडाला हळदकुंकू लावू नये. रंग आणि तेलकटपणा हस्तिदंतात, दगडात मुरतो आणि निघत नाही. नमस्कार पुरे.

प्रश्न : आम्ही सकाळी फिरायला जाणाऱ्या मित्रांची सहा जोडपी नाईल क्रूझला गेलो होतो. लक्झरला आमचे जहाज काठाला लागले, तेव्हा त्याच्या पलीकडे आणखी तीन जहाजे लागून उभी होती. आमच्यातले एक काकाजी कर्णाकची देवळे पाहून थकून परतले आणि थेट जेवणघरात गेले. सूप घेतले, भात घेतला, वाढप्याला गोड काय आहे तेही विचारले. खोली क्रमांक लिहून देताना कळले की हे आपले जहाजच नव्हे. दोन्हीकडचे गालिचे, जिने, झुंबरे सगळे सारखे. दुसऱ्या दिवशी इस्नाच्या बांधाशी जहाज थांबले, तर छोट्या होड्यांतून विक्रेते आले आणि खालून पिशव्यांत भरलेले झगे, शाली वरच्या डेकवर फेकू लागले. आमच्या सौभाग्यवतींनी एक झगा झेलला, रंग आवडला नाही म्हणून परत फेकला, तो डेकवरच्या पोहण्याच्या तलावात पडला. दुसरा पसंत पडला. पैसे खाली कसे फेकायचे? नोटा वाऱ्याने उडतील म्हणून तिने चिवड्याच्या पुडीत नोटा घालून पुडी फेकली. होडीवाल्याने नोटा काढल्या, चिवडा चाखला आणि मोठ्याने काहीतरी ओरडून पुन्हा हात पुढे केला. त्याला आणखी चिवडा हवा होता. इतक्यात जहाज जलपाशात, म्हणजे बांधाच्या दारांमधल्या हौदात, शिरले, दारे बंद झाली आणि आमच्या डेकवर एक निळी शाल तशीच राहिली. तिचे पैसे आम्ही दिलेले नाहीत. ती घरी आणली आहे, पण मनाला लागून राहिले आहे. काय करावे?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो आपण प्रामाणिकपणे विचारला आहे. ती शाल तिथेच जहाजाच्या स्वागतकक्षात द्यायला हवी होती, किंवा तिचे पैसे तिथे ठेवायला हवे होते. ही जहाजे लक्झर आणि आस्वान यांच्या दरम्यान सतत ये-जा करतात, कर्मचारी त्या होडीवाल्यांना चेहऱ्याने ओळखतात आणि पुढच्या फेरीला पैसे पोचते करू शकतात. अजूनही उशीर झालेला नाही. ओळखीचे कुणी त्या सहलीला निघाले, तर शालीचा फोटो आणि रक्कम त्यांच्यापाशी द्यावी. त्या माणसाचा धंदा अशाच शालींवर चालतो. खरेदीची ही पद्धत वाईट नाही, पण भाव खालून-वरून आधी ठरवावा, नको असलेला माल नेम धरून होडीतच परत फेकावा आणि रक्कम अचूक द्यावी. मागण्याच्या या सगळ्या व्यवहारात 'बक्षीस' हा आपला शब्द तिथेही चालतो, हे आपल्या कानी आलेच असेल.

होड्या नेमक्या इस्नालाच का येतात, त्याचेही कारण आहे. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते. लक्झरहून आस्वानकडे जाणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर जाणे. इस्नाला नदीवर बांध आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीत फरक पडतो आणि जहाजाला जलपाशाच्या हौदात उभे करून, पाणी भरून, वर उचलावे लागते. आपल्या पाळीची वाट पाहत जहाज तिथे थांबून राहते. चालत्या जहाजावर शाल फेकणे जमत नाही, थांबलेल्या जहाजावर जमते.

काकाजींच्या जेवणाचेही तसेच आहे. काठावरची जागा थोडी आणि जहाजे पुष्कळ, म्हणून ती एकमेकांना चिकटून उभी करतात आणि दारासमोर दार आणून एकातून दुसऱ्यात जाण्याची वाट करतात. आतले जहाज निघाले की बाहेरच्यांना बाजूला व्हावे लागते, त्यामुळे सकाळी दुसरे असलेले आपले जहाज संध्याकाळी चौथे असू शकते. मोजून जाऊ नये. उतरताना स्वागतकक्षात जहाजाच्या नावाचे कार्ड मिळते, ते गळ्यात ठेवावे आणि प्रत्येक दाराशी नाव वाचावे.

या प्रवासात एडफूला आपण टांग्यातून गेला असाल. होरस देवाचे ते देऊळ इसवी सनापूर्वी २३७ मध्ये सुरू झाले आणि ५७ मध्ये पुरे झाले, म्हणजे १८० वर्षे काम चालले. इजिप्तमधील सर्वांत सुस्थितीतील देवळांपैकी ते एक आहे, कारण ते वाळूत आणि गाळात जवळजवळ छतापर्यंत बुजलेले होते. टांगेवाल्याशी जाण्यायेण्याचा भाव एकदमच ठरवावा, एवढेच सांगतो.

प्रश्न : आम्ही नवविवाहित जोडपे. इटलीतून निघालेल्या जहाजातून ग्रीसमध्ये काताकोलोला उतरून, जहाजाची महागडी सहल टाळून, टॅक्सीने स्वतःच प्राचीन ऑलिम्पिक खेळांच्या ऑलिम्पियाला गेलो. प्राचीन मैदानावर यांनी पळून दाखवले, मी व्हिडिओ काढला. तेवढ्यात मोबाईलवर वेळ पाहिली आणि पोटात गोळा आला. जहाज सुटायला पन्नास मिनिटे! सगळे सोडून टॅक्सीकडे धावलो, वाटेत यांच्या बुटाचा तळवा निघाला, धक्क्यावर पोचलो तर जहाजाच्या घड्याळात अजून एक तास बाकी. कोणत्या घड्याळावर विश्वास ठेवायचा?
— एक वाचक, सिव्हिल लाइन्स

उत्तर : फक्त जहाजाच्या. इटलीतून निघालेले आपले जहाज इटलीच्याच वेळेवर चालत असणार. ग्रीस त्याच्या एक तास पुढे आहे आणि मोबाईलने किनाऱ्यावरची वेळ आपोआप घेतली. आपले नशीब बलवत्तर म्हणून चूक लवकर येण्याच्या बाजूची झाली. जहाज ग्रीक वेळेवर गेलेले आणि हातावरचे घड्याळ इटलीच्या वेळेवर राहिलेले असते, तर आपण धक्क्यावरून त्याची पाठ पाहिली असती. खोलीत रोज रात्री येणाऱ्या दिनक्रमाच्या कागदावर परतीची वेळ छापलेली असते, ती पाहून साधे मनगटी घड्याळ लावावे. जहाजाच्याच सहलीची बस अडकली तर जहाज सहसा थांबते किंवा पुढच्या बंदरापर्यंत सोय करते. स्वतःहून गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. जास्तीच्या पैशांत हा भरवसाही धरलेला असतो.

त्या मैदानाची धाव सुमारे १९२ मीटरची आहे आणि दगडी आरंभरेषा अजून जागेवर आहे. आपण झ्यूसच्या देवळाचे कोसळलेले खांब पाहिले नसतील, याची मला हळहळ वाटते. भूकंपात ते आडवे झाले आणि त्यांच्या गोल पाषाणी चकत्या, कापलेला मुळा ताटात पसरावा तशा, पडल्या तशाच रांगेत पडून आहेत.

प्रश्न : आमच्या पाच जणांच्या कुटुंबाला अथेन्सच्या बंदरात जहाजावर चढूच दिले नाही. व्हिसा होता, तरी! सामानासह परत हॉटेल शोधले आणि आठ दिवस अथेन्समध्येच काढले. चूक कुठे झाली?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : आपल्या शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील अनेक देशांच्या सामाईक व्हिसावर, 'एकदा प्रवेश' लिहिले असणार. ग्रीसहून निघालेले जहाज तुर्कस्तानला गेले की आपण शेंगेन क्षेत्राबाहेर पडता आणि ग्रीक बेटावर परतताना तो दुसरा प्रवेश ठरतो. अशा मार्गासाठी अनेक प्रवेशांचाच व्हिसा मागावा. मार्गातली बंदरे ओळीने लिहून अर्जासोबत जोडावीत.

प्रश्न : मी सहावीत आहे. इफेससला खूप मांजरी आहेत. तिथे संगमरवराचे लांब बाक आहेत आणि त्यांना भोके आहेत. माझा दादा दमला म्हणून त्यावर बसला आणि त्याने डबा उघडला, तर रखवालदाराने शिट्टी वाजवली आणि सगळे हसले. गाईड म्हणाला की ते सार्वजनिक शौचालय होते. दादा म्हणतो गाईड खोटे बोलला, कारण मध्ये भिंती नाहीत. कोण खरे?
— एक बालवाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : बाळ, गाईड खरे बोलला. रोमन काळात पुरुष तिथे शेजारी शेजारी बसत, गप्पा मारत, व्यवहाराचेही बोलत, आणि मध्ये भिंती नसत. भोकांखालून खोल नाली जात असे आणि तिच्यातून वाहत्या पाण्याने घाण निघून जात असे. कागद नव्हता. काठीच्या टोकाला समुद्री स्पंज बांधलेला असे आणि तो धुण्यासाठी बाकाच्या पुढे, पावलांजवळ, जमिनीत दुसरी उथळ पन्हळ कोरलेली असे. तिच्यातून स्वच्छ पाणी वाहत राही. दादाचा डबा उघडतानाचा फोटो तुझ्याजवळ असेल, तर त्याच्या बुटांसमोर ती पन्हळ दिसते का, तेवढे पाहून मला कळव.